बालीच्या जोडीला योग्याकार्ता

इंडोनेशिया म्हणजे बाली, हे समीकरण आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी इतकं पक्कं करून टाकलंय, की पुण्या-मुंबईहून गेलेला माणूस उबुद, समुद्रकिनारे आणि खरेदी आटोपून तसाच परततो. बालीपासून विमानाने जेमतेम दीड तासावर, जावा बेटावर योग्याकार्ता आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. रामायण-महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला आग्नेय आशियात याच्याइतकं जवळचं वाटेल असं दुसरं शहर मला तरी माहीत नाही.

इतिहास थोडक्यात. १७५५च्या तहाने मातारामच्या राज्याची वाटणी झाली आणि इथे सुलतानाची गादी आली. डचांशी लढा चालू असताना, १९४६ ते १९४९ या काळात हेच शहर प्रजासत्ताकाची राजधानी होतं. आजही इथला सुलतानच प्रांताचा गव्हर्नर असतो. त्या पदासाठी निवडणूक होत नाही. बोरोबुदूरचा बौद्ध स्तूपही इथूनच जवळ, साधारण चाळीस किलोमीटरवर. वर चढायला आता रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, त्यामुळे तिकीट आधीच काढून ठेवावं.

मी रमलो ते प्रंबाननमध्ये. शहराच्या पूर्वेला सतरा-अठरा किलोमीटरवर, नवव्या शतकातला हा देवळांचा समूह. मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच, त्याच्या एका अंगाला ब्रह्मा, दुसऱ्या अंगाला विष्णू. शिवमंदिराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, कठड्याच्या आतल्या बाजूला रामायण कोरलंय. पूर्वेच्या दारापासून उजवी घालून निघालात तरच कथा क्रमाने लागते, आणि तिचा शेवट बघायला शेजारच्या ब्रह्माच्या देवळात जावं लागतं. बरेच जण मधेच उलटे वळतात आणि फोटो काढून उतरतात. तसं करू नका.

उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे. गावकरी तिला रोरो जोंगरांग म्हणतात. दंतकथेत ही एक राजकन्या. तिच्या बापाला मारणारा बांडुंग बोंडोवोसो तिलाच मागणी घालतो. ती अट घालते, एका रात्रीत हजार देवळं बांध. भुतांना हाताशी धरून तो ९९९ बांधतो. तेव्हा ती गावातल्या बायकांना उठवते, उखळात भात कांडायला लावते आणि पूर्वेला जाळ पेटवते. पहाट झाली समजून कोंबडे आरवतात, भुतं पळतात. कपट कळल्यावर तो तिला शाप देतो आणि तीच हजाराव्या देवळातली मूर्ती होते. गाभाऱ्यातल्या अर्धवट उजेडात त्या दगडी चेहऱ्याकडे बघताना ही कथा खोटी वाटत नाही. मूळच्या २४० देवळांपैकी बहुतेक छोटी देवळं मात्र आजही दगडांचे ढीग होऊन पडली आहेत. मोठ्या देवळांनाही २००६च्या भूकंपाने इजा केली होती. डागडुजी होते, पण फार संथपणे.

शहरात परतल्यावर क्रातोनच्या, म्हणजे सुलतानाच्या राजवाड्याच्या, मागच्या गल्लीत एका वायांग कारागिराकडे गेलो. वायांग कुलित म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. म्हशीचं कातडं भिजवून, चौकटीवर ताणून, वाळवून, खरवडून पातळ केलेलं. त्यावर आकृती रेखून ते लाकडी ठोकळ्यावर धरतात आणि बारीक छिन्नीवर मोगरी मारत जाळी पाडतात. छिन्नी अडकू नये म्हणून ती मधूनमधून मेणात टोचायची. ते आजोबा अर्जुनाचा मुकुट करत होते. एकेक भोक तांदळाच्या कणीएवढं, आणि हात कुठेही थबकत नव्हता. चेहरा कोरा होता. डोळे-तोंड सगळ्यात शेवटी, असं त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितलं. चेहरा उघडला की बाहुली जिवंत होते, म्हणून आधी अंग पुरं झालं पाहिजे. मग रंग, सोनेरी वर्ख, आणि म्हशीच्या शिंगाची, उष्णतेने वाकवलेली दांडी. अर्जुनाची मान खाली झुकलेली, कारण तो विनयी. भीमाचे डोळे गोल, अंगठ्याचं नख लांब.

मला सारखी पिंगुळीची आठवण येत होती. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ असाच जपला आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही पडदा, दिवा आणि रामायण. योग्याकार्तात या कलेमागे दरबार आहे, संग्रहालय आहे, युनेस्कोची मान्यता आहे. तरी आजोबांची तक्रार आपल्याच कारागिरांसारखी होती: पोरं शिकायला बसत नाहीत आणि गिऱ्हाईक पुठ्ठ्याची, यंत्रावर कापलेली बाहुली उचलतं. मालिओबोरो रस्त्यावर अशा बाहुल्यांचे ढीग दिसतात. त्या घेऊ नका. खरी बाहुली उजेडासमोर धरली की जाळीतला हात ओळखू येतो; महाग पडली तरी तीच घ्यावी.

खाण्याचं सांगायचं तर इथला गुदेग म्हणजे कोवळा फणस, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ घालून तासन्‌तास शिजवलेला. कोकणातल्या माणसाला तो गोड वाटेल, पण परका वाटणार नाही. सोबत अंडं-कोंबडी असते, चटणीत सुकट कोळंबीही. शाकाहारी मंडळींनी आधीच सांगावं. टेंपे आणि टोफू सगळीकडे मिळतात.

आखणी अवघड नाही. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. नवा विमानतळ गावाबाहेर दूर आहे, पण तिथून थेट रेल्वेने शहरातल्या तुगू स्टेशनला साधारण चाळीस मिनिटांत पोचता येतं. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. याच महिन्यांत प्रंबाननच्या देवळांसमोरच्या उघड्या रंगमंचावर रामायणाचं नृत्यनाट्य होतं. क्रातोनजवळच्या सोनोबुदोयो संग्रहालयात संध्याकाळी वायांगचा छोटा प्रयोग असतो. बालीचे थोडे दिवस कमी करा, पण एक संध्याकाळ या दोन्हींपैकी एकासाठी राखून ठेवा.