सोळा कोअरचा राउटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साध्या संगणकावर पीएफसेन्स, ओपीएनसेन्स किंवा मायक्रोटिकचे राउटरओएस चढवले की त्याचाच राउटर होतो. तारकर्ली-देवबागचे एखादे लॉज असो वा कुडाळचा छोटा इंटरनेट पुरवठादार, दोघांनाही हा मार्ग परवडणारा आहे. यंत्र निवडायची वेळ आली की मात्र एक सल्ला हमखास मिळतो: मोठा सर्व्हर घ्या, भरपूर कोअरचा, म्हणजे नेट पळेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने, दोन झिऑन प्रोसेसरांचे सर्व्हर स्वस्तात मिळत असल्याने हा समज आणखीच फोफावतो.

राउटरचा वेग मेगाबिटांत सांगितला जातो, पण त्याचे काम चालते पॅकेटांवर. टपालखात्यात पाकीट जाड असो वा पातळ, पत्ता वाचायला वेळ तेवढाच लागतो. 1 गिगाबिटची लाइन 1518 बाइटांच्या मोठ्या फ्रेमनी, म्हणजे तारेवरच्या पॅकेटांनी, भरली तर सेकंदाला सुमारे 81 हजार फ्रेम येतात. 64 बाइटांच्या सर्वांत लहान फ्रेमनी भरली तर 14 लाख 88 हजार. 10 गिगाबिटला हा आकडा दहापट होतो आणि प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला उरतात 67 नॅनोसेकंद, म्हणजे 3 गिगाहर्ट्झच्या कोअरचे जेमतेम 200 ठोके. कॅशमध्ये न सापडलेली एखादी नोंद मुख्य मेमरीतून आणायलाच साधारण एवढा वेळ जातो. हे आकडे अतिशयोक्त वाटत असतील, तर आयईटीएफचा 1999 सालचा आरएफसी 2544 पाहावा. चाचणी 64 पासून 1518 बाइटांपर्यंतच्या सात आकारांवर घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. ‘आमची पेटी 10 गिगाबिट देते’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला ‘कोणत्या आकाराच्या पॅकेटांवर?’ एवढेच विचारावे.

मग जास्त कोअर लावून काम वाटून का घेऊ नये? घेता येते, पण वाटणी नेटवर्क कार्ड करते. पॅकेटावरचे आयपी पत्ते आणि पोर्ट पाहून कार्ड ते एका रांगेत टाकते आणि प्रत्येक रांग एका कोअरकडे जाते. एका जोडणीची सारी पॅकेटे एकाच रांगेत ठेवावी लागतात, नाहीतर त्यांचा क्रम बिघडतो. म्हणजे एकच मोठे डाउनलोड चालू असेल, तर उरलेले पंधरा कोअर नुसते बसून राहतात.

बीएसएनएलच्या फायबर जोडणीवर तर याहून मोठी अडचण आहे. ती प्रत्येक पॅकेटाला पीपीपीओईचे वेष्टन घालते आणि त्या वेष्टनाच्या आतला आयपी पत्ता अनेक कार्डांना वाचताच येत नाही. परिणामी बाहेरून येणारे प्रत्येक पॅकेट पहिल्याच रांगेत पडते. 2 गिगाहर्ट्झचे सोळा कोअर विकत घेतलेल्या ग्राहकाच्या हाती प्रत्यक्षात 2 गिगाहर्ट्झच्या एकाच कोअरचा राउटर पडतो! लिनक्समध्ये आरपीएस वापरून पुढची वाटणी सॉफ्टवेअरमधून करता येते, तरी प्रत्येक पॅकेटाला पहिला हात त्याच एका कोअरला लावावा लागतो. अशा जागी चार वेगवान कोअरचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर सरस ठरतो. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरात आणखी एक मेख असते: कार्ड एकाच प्रोसेसरला जोडलेले असते, त्यामुळे दुसऱ्याकडे जाणारे पॅकेट मधला दुवा ओलांडून जाते आणि वेळ खाते.

पैसे घालायचेच असतील तर आधी चांगल्या कार्डावर घालावेत. एकापेक्षा जास्त रांगा आणि भरवशाचा ड्रायव्हर असलेले इंटेलचे आय350 गिगाबिटसाठी पुरते. मात्र त्याच्या नकलाही बाजारात आहेत, तेव्हा संशयास्पद स्वस्त मिळाले तर घेऊ नये.

64 जीबी रॅमचा आग्रहही अनाठायी आहे. पीएफसेन्सच्या दस्तऐवजांनुसार एका जोडणीच्या नोंदीला सुमारे 1 किलोबाइट लागतो. 10 लाख जोडण्या 1 जीबीत मावतात. व्हीपीएनसाठी प्रोसेसरात एईएस-एनआय, म्हणजे एईएस कूटलेखनाच्या खास सूचना, हव्यातच, हे आयपीसेक व्हीपीएनबाबत ठीक. वायरगार्ड व्हीपीएन मात्र चाचा20 हे वेगळे कूटलेखन वापरते, तिथे त्यांचा काही उपयोग नाही. रेडची महागडी डिस्कजोडणी राउटरला वेग देत नाही, कारण पॅकेटे डिस्कवर जातच नाहीत. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवसांचे लॉग ठेवावे लागतात, पण ते वेगळ्या यंत्रावर पाठवणे बरे.

सर्व्हर म्हणजे दणकट, हा समज मालवणच्या किनाऱ्यावर तर विशेष महागात पडतो. सर्व्हर खोलीची थंड, कोरडी हवा गृहीत धरून बनवलेले असतात. त्यांचे पंखे खारी, दमट हवा सतत आत ओढतात आणि जोडांवर गंज चढतो. विजेचा हिशेबही तपासावा. 120 वॉट खाणारा जुना सर्व्हर 15 वॉटच्या छोट्या पेटीपेक्षा वर्षाला 900 हून अधिक युनिटे जास्त जाळतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीवर तो कागदोपत्री 15 तास चालेल, छोटी पेटी 120 तास. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी होतात, तरी तफावत मोठीच राहते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने मालवण परिसराचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हासारख्या प्रसंगी ही तफावत निर्णायक ठरते. बिनपंख्याची पेटी मात्र बंद कपाटात ठेवू नये. मे महिन्यात ती तापली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो.