माशांनाही ताण येतो!

सुट्यांमध्ये गणपतीपुळ्यात गर्दी उसळली, की माणूस वैतागतो. शेततळ्यात दाटीने सोडलेल्या रोहू, मृगळ या गोड्या पाण्यातील माशांची स्थितीही वेगळी नसते. दाटीमुळे रक्तातील 'कॉर्टिसॉल' हे संप्रेरक आणि साखर वाढते. वाढ खुंटते, रोगप्रतिकारशक्ती घटते. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील संशोधकांनी यावर खाद्यातून उपाय शोधला. 'ट्रिप्टोफॅन' हे अमिनो आम्ल माशांना आहारातूनच मिळवावे लागते आणि त्यापासून मेंदूत 'सेरोटोनिन' बनते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दाटीतील मृगळाच्या बोटुकलींना ते दिल्यावर ताण घटला, वाढही सुधारली. अर्थात, स्वच्छ पाणी, पुरेसा प्राणवायू आणि माफक संख्या यांना हा पर्याय नव्हे. अन्यथा मासाही जाईल आणि खाद्यावरचा खर्चही!