दगडाचं नाव गावावरून, वय पानावरून!

सातारा-सांगलीकरांना दगड म्हटलं की काळा कातळच आठवतो. गाळाच्या खडकांची गोष्ट वेगळी. थरावर थर साचतात, मध्ये पानं दबतात आणि कोट्यवधी वर्षांनी तीच पानं खडकाचं वय सांगतात.

इथे का सापडत नाहीत?
कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे गावात ३ किलोमीटर खोल बोअर घेतली. वर सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा हाच काळा कातळ, त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. मध्ये गाळाचा खडक नाहीच!

कामठीचा मान
खडकांचा थर जिथे नीट उघडा दिसतो, त्या जागेचं नाव त्याला मिळतं. म्हणून नागपूरजवळच्या कामठीचं नाव पार तेलंगणातल्या गोदावरी खोऱ्यातल्या खडकांनाही आहे.

पानं गोळा करणारे पाद्री
१८५०च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी नागपूर परिसरातले जीवाश्म जमवले. त्यातल्या वनस्पतींचं वर्णन १८६१ मध्ये लंडनमध्ये छापून आलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच हिस्लॉप यांच्या नावाचं.

जिभेच्या आकाराचं पान
कामठीच्या खडकातलं ओळखीचं पान म्हणजे ग्लॉसोप्टेरिस. मधोमध ठळक शीर, दोन्ही बाजूंना बारीक शिरांचं जाळं. ग्रीक नावाचा अर्थ ‘जीभ-नेचा’. पण झाड नेच्याचं नव्हे, बी धरणारं! पर्मियन काळ संपताना, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, ही झाडं जवळपास नाहीशी झाली. म्हणून हे पान दिसलं की खडक साधारण त्याआधीचा.

मरतानाही सोडलं नाही
१९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मरण पावले. त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांत ग्लॉसोप्टेरिसही होतं! कामठी आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकाच भूखंडावर होते, याचा हा पुरावा.

गोठ्यातला अझोला
गुरांना घालतो तो अझोला! त्याचा जुना भाऊबंद मध्य प्रदेशातल्या सौसर भागात, लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात सापडला. अशाच वनस्पतींची साक्ष काढून वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९३०च्या दशकात दख्खनच्या लाव्हाचं वय मांडलं. आजचं मोजमाप सांगतं: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

आणि हरिपूर?
कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरची हळदीची पेवं नदीच्या जाड मातीत खोदलेली. हा आपला गाळ, अजून खडक न झालेला. पूर ओसरल्यावर त्यात रुतलेलं पान दिसलं तर जरा थांबून बघा. कामठीच्या पानाची सुरुवातही अशीच झाली होती.