विजेच्या डोंगरी सायकलची चेन: झीज आणि गिअर बदलण्याची रीत

डोंगरवाटांसाठी बनवलेल्या विजेच्या सायकलीत मोटर चाकात नसते, तर क्रँकच्या आसाभोवती, म्हणजे पेडलांचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसाभोवती बसवलेली असते. महाराष्ट्रातील शहरांत दिसणाऱ्या बहुतेक विजेच्या सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. ती थेट चाक फिरवते आणि चेनवर साध्या सायकलीप्रमाणे फक्त पायांचा जोर येतो. मधल्या मोटरचा जोर मात्र पायांच्या जोरात मिसळून त्याच चेनवरून मागे जातो. याचा फायदा उघड आहे: सायकलस्वाराप्रमाणे मोटरलाही गिअरचा लाभ मिळतो आणि हबमधली मोटर ज्या चढावर धापा टाकते, तो चढ मधली मोटर हलक्या गिअरमध्ये सहज पार करते. या सोयीची किंमत मोजतात ती चेन, पेडलांजवळची दातेरी चकती, म्हणजे चेनरिंग, आणि मागच्या चाकावरील लहानमोठ्या दातेरी चकत्यांचा संच, ज्याला कॅसेट म्हणतात.

युरोपीय नियमांनुसार अशा मोटरची सातत्याने देता येणारी नामांकित शक्ती २५० वॅटपुरती मर्यादित असते आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होते; पण चेनवर काय बेतते हे समजून घ्यायला वॅटचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी टॉर्क, म्हणजे आस फिरवणारा पीळ, पाहावा लागतो. शिमानोच्या २०२० साली आलेल्या ईपी८ मोटरचा कमाल टॉर्क ८५ न्यूटन-मीटर आहे आणि बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स या मोटरचाही बरीच वर्षे तेवढाच होता. ३४ दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर भरते, त्यामुळे एवढ्या टॉर्कला एकट्या मोटरचा चेनवरील ताण सुमारे १,२३० न्यूटन, म्हणजे सव्वाशे किलो वजनाइतका होतो. त्याच क्षणी ७५ किलोचा सायकलस्वार १७० मिलिमीटर लांबीच्या आडव्या क्रँकवर उभा राहिला, तर त्याच्या वजनाचे १२५ न्यूटन-मीटर त्यात मिळतात आणि एकूण ताण तीनशे किलोच्या वर जातो. चांगली चेन आठ हजार न्यूटनहून अधिक ताण सोसते, म्हणून सरळ ओढीखाली ती सहसा तुटत नाही. ती तुटण्याचे मूळ बहुतेक वेळा गिअर बदलण्याच्या क्षणात असते.

चेनला एका चकतीवरून शेजारच्या चकतीवर ढकलणारा मागचा डिरेलर चेनच्या खालच्या, सैल बाजूला काम करतो, तर ओढीचा ताण वरच्या बाजूला असतो. गिअर बदलत असताना काही क्षण एकच चेन दोन चकत्यांवर तिरपी बसलेली असते. ताणलेला भाग अजून जुन्या चकतीवर आणि नुकताच ढकललेला भाग नव्या चकतीवर. शिमानोने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हायपरग्लाइड या नावाने चकत्यांच्या अंगावर चढणी कोरायला आणि काही दात्यांचा आकार बदलायला सुरुवात केली, ती हा तिरपा टप्पा ठरावीक जागी आणि सुरळीत पार पडावा म्हणूनच. ताण कमी असेल तर कड्या आपापल्या दात्यांत अलगद बसतात. तो शेकडो किलोंचा असेल तर कडीची पट्टी दात्याच्या माथ्यावर चढते आणि मोठा खडखडाट करीत घसरते. त्या धक्क्यात बाहेरची पट्टी पिनच्या टोकावरून थोडी उचकटते. आठ गिअरच्या चेनची बाहेरील रुंदी सुमारे सात मिलिमीटर असते, तर बारा गिअरच्या चेनची सव्वापाचच्या आसपास, त्यामुळे पिनचे टोक धरून ठेवणारा धातूही तिच्यात बेताचाच असतो. उचकटलेली चेन तिथल्या तिथे तुटतेच असे नाही. पुष्कळदा ती पुढच्या एखाद्या साध्या चढावर तुटते आणि दोष त्या चढाच्या माथी येतो.

झीज होते ती याहून संथपणे. चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमध्ये १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच अंतर असते. चकतीवर चढताना आणि उतरताना प्रत्येक सांधा वाकतो, पिन आणि तिच्याभोवतीचे पोलाद एकमेकांवर घासतात आणि तेलात मिसळलेली धूळ तिथे पॉलिश पेपरचे काम करते. पट्ट्या ताणून लांबत नाहीत. सांध्यांमधली फट वाढते आणि शंभरावर सांध्यांची ती वाढ एकत्र होऊन चेन लांबते. अशा चेनचे अंतर दात्यांच्या अंतराशी जुळेनासे झाले की भार एकदोन दात्यांवरच पडतो आणि ते एका अंगाला कलून टोकदार होतात.

दहा दात्यांच्या चकतीवर प्रत्येक सांधा ३६ अंशांत वाकतो, तर पन्नास दात्यांच्या चकतीवर जेमतेम सात अंशांत, म्हणून लहान चकत्या आधी संपतात. सपाटीवर अशा चकतीची खरे तर गरजही नसते. २९ इंची चाकाने ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना ३४ आणि १० दात्यांची जोडी लावली, तर पेडल मिनिटाला जेमतेम ५३ फेऱ्या घेते. तोच वेग ७५ फेऱ्यांनी राखायचा तर मागे १४ दात्यांची चकती पुरते.

येथेच या विषयातली कळीची गोष्ट येते. शक्ती म्हणजे चेनवरील ताण आणि चेनचा वेग यांचा गुणाकार. म्हणून तीच शक्ती, तोच चढ आणि तोच वेग कायम ठेवून पेडलाच्या फेऱ्या ५० वरून ७५ वर नेल्या, तर चेनवरील ताण दोन तृतीयांशावर उतरतो, आणि हे होते ते एकही पैसा खर्च न करता. साध्या सायकलीवर जड गिअरची तक्रार आधी गुडघे आणि मांड्या करतात, त्यामुळे चेनला फार सोसावे लागण्याआधीच गिअर हलका होतो. मोटर ही तक्रार दाबून टाकते. पाय थकत नाहीत, सायकल पुढे जात राहते आणि स्वाराला आपण चुकीच्या गिअरमध्ये आहोत हे कळतच नाही. विजेच्या सायकलींची चेन लवकर झिजते याचे खापर मोटरवर फोडले जाते. खरा दोष बराचसा या बधिरपणाचा आहे.

गिअर बदलण्याची रीत यातूनच ठरते. चढ दिसताच, चढ लागण्यापूर्वी गिअर हलका करावा. बदलताना पेडल फिरते ठेवावे, कारण चेन फिरल्याशिवाय डिरेलर काही करू शकत नाही, पण अर्ध्या फेरीपुरता पायाचा दाब सैल सोडावा. मोटर पायाचा दाब मोजून तेवढ्या प्रमाणात मदत देते, त्यामुळे दाब सुटला की तीही सैल पडते. मात्र ती तत्क्षणी थांबत नाही, काही मोटरी दाब सुटल्यावरही क्षणभर ओढत राहतात, म्हणून दाब सोडणे आणि हँडलवरचा गिअरचा खटका दाबणे यांत किंचित अंतर हवे. चढाच्या मध्यात अडकल्यास दोन जोरदार फेऱ्यांनी वेग मिळवावा, मग दाब सोडून एकच गिअर बदलावा; तीनचार खटके एकदम दाबले की चेन अनेक चकत्यांवर तिरपी पडते. मदतीची पातळी आधी एका पायरीने उतरवणे हाही चांगला उपाय आहे, आणि थांबण्यापूर्वी हलका गिअर लावून ठेवणे ही सवय तर शहरातल्या सिग्नललाही लागू पडते.

उत्पादकांनी ही अडचण वेगवेगळ्या बाजूंनी हाताळली. स्रॅमने २०१६ साली खास विजेच्या सायकलींसाठी ईएक्स१ हा ११ ते ४८ दात्यांचा आठ चकत्यांचा संच काढला, ज्याचा खटका एका वेळी एकच गिअर बदलू देतो. शिमानोने २०२१ साली लिंकग्लाइड आणले. त्याचे दाते जाड असून ते तिप्पट टिकतात असा कंपनीचा दावा आहे. २०२३ साली स्रॅमच्या ईगल ट्रान्समिशनने उलट वाट धरली: इलेक्ट्रॉनिक डिरेलर कॅसेटवरील योग्य जागा येईपर्यंत थांबतो, म्हणून पायाचा जोर कायम असतानाही गिअर बदलता येतो, मात्र थोडा सावकाश. त्याच वर्षी जर्मनीच्या पिनिअन कंपनीने मोटर आणि गिअरपेटी एकाच कवचात बसवून डिरेलरच काढून टाकला. या सर्वांत ईएक्स१चा विचार सर्वांत शहाणपणाचा होता, पण बाजाराला बारा गिअरचे आकर्षण अधिक वाटले. मोटरची मदत असताना दोन गिअरमधील बारीक फरक फारसा जाणवत नाही. टिकाऊपणा मात्र रोज जाणवतो.

विकत घेणाऱ्याने सायकलबरोबरच चेनची लांबी मोजणारी छोटी पट्टी घ्यावी. ती नसेल तर पोलादी मोजपट्टीने एका पिनच्या मध्यापासून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. नव्या चेनवर ते ३०४.८ मिलिमीटर असते आणि अकरा किंवा बारा गिअरच्या चेनमध्ये ते सुमारे ३०६.३ झाले, म्हणजे अर्धा टक्का वाढले, की चेन बदलावी. चिखलातून आल्यावर आधी चेन पुसावी, मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब द्यावा आणि वरवरचे तेल पुन्हा पुसून काढावे. जोराच्या पाण्याचा फवारा मोटर आणि बेअरिंगवर मारू नये. नवी चेन जुन्या कॅसेटवर जोर लावताच घसरू लागली, तर ती मोजणी उशिरा झाली असे समजावे आणि कॅसेटही बदलावी.