विश्लेषण : मुरूम गेले, खड्डे का राहिले?

लग्न ठरले की चेहऱ्यावरच्या खड्ड्यांची आठवण होते आणि 'महिन्याभरात घालवा' अशी मागणी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांचे दार ठोठावले जाते. महिन्याभरात ते जात नाहीत. किती जातील, हे आधी चेहऱ्यावर नेमके काय उरले आहे यावर ठरते.

डाग आणि खड्डा यांत फरक काय?

मुरूम बसल्यावर उरणारा काळपट किंवा तपकिरी डाग म्हणजे व्रण नव्हे. तिथे दाहामुळे मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार झालेले असते, त्वचा मात्र सपाटच असते. सावळ्या त्वचेवर असे डाग अधिक ठळक दिसतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. पण उन्हापासून जपल्यास बहुतेक हळूहळू विरतात. खड्डा आपोआप भरत नाही. खिडकीपाशी उभे राहून बाजूने येणाऱ्या उजेडात आरसा पाहावा. सावली पडते तो खड्डा, नुसता रंग दिसतो तो डाग. हा फरक न कळल्याने डागांवर लेझर आणि खड्ड्यांवर क्रीम असा उलटा खर्च सर्रास होतो.

खड्डा पडतो कसा?

केसाच्या मुळाशी असलेली पिशवी तेलाने आणि मृत पेशींनी तुंबते, तिला सूज येते आणि ती आतल्या आत फुटते. दाह खालच्या थरात पसरतो आणि तिथले कोलॅजेन झिजते. भरपाई अपुरी पडली तर खड्डा, गरजेपेक्षा जास्त झाली तर जबड्यावर, छातीवर किंवा खांद्यावर टणक उंचवटा. मुरूम पिळणाऱ्या बोटांचाही यात हातभार असतोच. पण न पिळलेल्या, साध्या वाटणाऱ्या मुरुमांनीही व्रण पडू शकतात. म्हणूनच 'वयात आल्यावर येतात, आपोआप जातील' हा घरोघरचा सल्ला महागात पडतो. दाह जितका लांबतो, तितकी खड्ड्यांची शक्यता वाढते.

सगळ्या खड्ड्यांना एकच उपचार का चालत नाही?

कारण त्यांचे आकार वेगळे. काही सुई टोचल्यासारखे, दोन मिलिमीटरहून अरुंद पण खोल. काही कांजिण्यांच्या व्रणांसारखे, उभ्या कडांचे. काही पसरट, त्यांत त्वचा खालून तंतूंनी ओढून धरलेली असते. सुईसारख्या खड्ड्यांत टीसीए हे तीव्र आम्ल काडीच्या टोकाने नेमके तळाशी लावतात. पसरट खड्ड्यांत 'सबसिजन' करतात, म्हणजे सुईने खालचे तंतू तोडून त्वचा मोकळी करतात. उथळ खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर वापरतात. दोन्हींत त्वचेला मुद्दाम सूक्ष्म इजा करून नवे कोलॅजेन तयार करवले जाते. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार एकत्र असतात, त्यामुळे उपचारही मिसळून आणि महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने अनेक बैठकांत होतात. कोलॅजेन तयार व्हायला महिने लागतात. सुधारणा होते, त्वचा पूर्वीसारखी होत नाही. 'शंभर टक्के'चे पॅकेज विकणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. सावळ्या त्वचेवर लेझरची तीव्रता चुकली तर खड्ड्यांवर काळ्या डागांची भर पडते. घरी डर्मारोलर फिरवण्याची हौस तर टाळावीच, मुरूम चालू असताना विशेष.

स्टिरॉइड मलमांचा संबंध काय?

भारतात हा प्रश्नाचा मोठा भाग आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांतील १०४ जण ते मुरुमांसाठीच वापरत होते, तर १२६ जण गोरेपणासाठी वा साधे क्रीम म्हणून. निम्म्याहून अधिक जणांना सल्ला डॉक्टरचा नव्हता. असे मलम दोन-चार दिवसांत लाली उतरवते, म्हणून ते 'गुणकारी' वाटते. पुढे त्वचा पातळ होते, मुरूम उसळतात आणि बंद केले की चेहरा पेटतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये टाकली. नियमाने ती चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. काउंटरवर काय होते, हे औषध दुकानात उभे राहिलेल्या कोणालाही माहीत आहे.

आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर थांबावे का?

तीव्र मुरुमांवरची ही गोळी खड्डे पडण्याआधीच दाह आटोक्यात आणते. तिच्या काळात गर्भधारणा टाळणे बंधनकारक आहे, कारण गर्भात गंभीर व्यंग येऊ शकते. गोळी संपल्यावर सहा महिने व्रणांना हात लावायचा नाही, असा दंडक होता. २०१७ मध्ये अमेरिकेतील त्वचाशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने पुरावे तपासले तेव्हा सौम्य पील आणि फ्रॅक्शनल लेझर यांसाठी एवढे थांबण्यास पुरेसा आधार आढळला नाही. संपूर्ण चेहऱ्याची त्वचा यंत्राने खरवडणे मात्र त्या काळात आजही टाळले जाते. एखाद्याची गोळी नुकतीच संपली असेल आणि लग्न चार महिन्यांवर असेल, तर डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच.