कापसाच्या गाडीतलं अर्थशास्त्र

पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ. दोन्ही काठांवर मुख्य पीक एकच: कापूस. सूक्ष्म अर्थशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी विद्यार्थ्यांनी नोव्हेंबरात आदिलाबादच्या मार्केट यार्डात एक चक्कर मारावी.

जूनमध्ये सरकी टोबली, तेव्हाच त्या रानातली सोयाबीन सोडून दिली. सोयाबीनने जे दिलं असतं, तो कापसाचा ‘संधी खर्च’. वहीत तो कुणी लिहीत नाही, पण मोजावा लागतोच. पुढे दिवाळीत भाव चढला म्हणून बोंडं वाढत नाहीत; भावाला पुरवठा असा थंड प्रतिसाद देतो, तेव्हा तो ‘अलवचिक’ म्हणायचा.

आता हमीभाव. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाला तो क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पुस्तकात याला किमान किंमत म्हणतात, आणि आलेखावर एक आडवी रेघ ओढून विषय संपवतात. यार्डात तो तिथे संपत नाही. ओलावा मोजायच्या यंत्राची सुई कापसात खुपसतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कपात, १२ च्या वर हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) माल घेतच नाही. मग खासगी व्यापारी सांगेल तो भाव. घरी वाळवून परत आणावा, तर गाडीभाडं पुन्हा आणि उधारीवाला दारात.

म्हणून परीक्षेत हमीभावाची रेघ ओढाल, तेव्हा त्या भावाने कोणता माल घेतला जातो तेही शेजारी लिहा.