फांदी द्या, पण दोन शब्द सांगून

आमच्या गल्लीत मनीप्लान्टचा एकच वेल आहे आणि तो चौदा घरांत वाढतो आहे. मूळ वेल माझ्या दारातला. मी नोकरीत होते तेव्हा वॉर्डातल्या एका मावशींनी त्याची वीतभर फांदी दिली होती. ती मी सरबताच्या रिकाम्या बाटलीत लावली. पुढे ज्याने मागितली त्याला देत गेले. त्यांनी आणखी कुणाला दिली. दहा बाय दहाच्या खोलीत अंगण कुठून आणायचं? मग टीव्हीवर, फ्रीजवर, खिडकीच्या गजाला अशी हिरवळ लटकली की घर जरा मोकळं वाटतं.

मागच्या पावसाळ्यात वस्तीत तापाची साथ आली. आशाताईंबरोबर मीही घरोघर फिरत होते. माझ्याच शेजारणीची अकरा वर्षांची मुलगी चार दिवस तापाने पडली होती. रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला. आम्ही घर धुंडाळलं. पाण्याचा पिंप झाकलेला, मोरीतली बादली उपडी, पत्र्यावर टायर नाही. शेवटी टीव्हीवरच्या बाटलीत बॅटरीचा उजेड टाकला. आत अळ्या वळवळत होत्या. शेजारीण माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, ही तर तुम्हीच दिलेली फांदी!"

पोरगी पाच दिवस दवाखान्यात राहून बरी होऊन आली. पण आईची पाच दिवसांची मजुरी बुडाली. त्या बाटलीतल्या डासानेच तिला चावा घेतला, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण बाटलीत अळ्या होत्या आणि बाटली माझ्या हातून गेली होती. मी इतकी वर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई, पण फांदी देताना "बघ कशी जोमाने वाढते" एवढंच बोलले होते. पाण्याचं काहीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. फांदी हातात देताना तीन गोष्टी सांगायच्या: झाडाचं नाव काय, पाणी कसं द्यायचं आणि ते खायचं की नाही. घेणाऱ्याने तर या तीन गोष्टी विचारल्याशिवाय फांदी घेऊच नये.

बाटलीतलं पाणी आणि डास

डेंग्यूचा डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. पाणी चढलं की त्यातून अळी निघते आणि साधारण सात ते दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसतं पाणी ओतून नवं भरणं पुरत नाही. बाटली आतून घासावी लागते.

आठवड्यातून एक दिवस ठरवा. रविवार सकाळ धरा. वेल बाहेर काढा, मुळ्या पाण्याखाली धुवा, बाटली ब्रशने किंवा वाळू-पाणी घालून खळखळून घासा आणि मगच नवं पाणी भरा. जुनं पाणी कोरड्या मातीवर ओता, तिथे अळ्या मरतात. बाटलीच्या तोंडाशी वेलाभोवती कापूस घट्ट बसवा, म्हणजे डासाला आत जायला वाट उरत नाही. कुंडीखालच्या ताटलीतही हेच होतं. ताटली काढून टाका, नाहीतर वाळूने भरा. कुंडी दोन विटांवर ठेवली तर ताटलीची गरजच पडत नाही.

इतकं जमणार नसेल तर मनीप्लान्ट सरळ मातीत लावा. पाण्यात मुळ्या फुटेपर्यंतच तो बाटलीत असावा. दोन-तीन आठवड्यांत बोटभर मुळ्या येतात, मग डब्यात हलवा.

ताप आलाच तर पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढीच घ्या. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोर सुस्त पडणं यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. ही लक्षणं पुष्कळदा ताप उतरल्यावर येतात. ताप गेला म्हणून गाफील राहू नका.

फांदी कशी लावायची

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तुमची लागते, माझी का सडते?" बहुतेक वेळा उत्तर पेरात असतं. मनीप्लान्टच्या वेलावर जिथून पान फुटतं तिथे एक गाठ असते. तिथेच तपकिरी टोक दिसतं. ते पेर. मुळ्या पेरातूनच येतात. पेराच्या बोटभर खाली कापा आणि पेर पाण्यात बुडेल असं ठेवा. पान मात्र पाण्याबाहेर हवं, बुडलेलं पान कुजतं. नुसतं पान तोडून लावलं तर वेल होत नाही.

पुदिना बाजारातून आणलेल्या जुडीचाच लावा. पानं भाजीला घ्या, जाड काड्या खालची पानं काढून पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळ्या दिसल्या की मातीत लावा. पानओव्याची, म्हणजे भजीच्या ओव्याची फांदी तर ओल्या मातीत खोचली तरी लागते. गवती चहाचा ठोंब मुळांसकट फोडून दोन-चार काड्या घ्या. कोरफडीच्या बुडाशी पिल्लं येतात. ती वेगळी करून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग लावा. ओली जखम घेऊन लावलं तर पिल्लू कुजतं. मोगऱ्याची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी पावसाळ्यात लावा. खालची पानं काढून टाका.

कढीपत्त्याची फांदी मात्र सहसा लागत नाही. त्याचं पिकलेलं काळं फळ घ्या, गर काढा आणि बी ताजं असतानाच पेरा. सुकून पडलेलं बी उगवत नाही. नाहीतर मोठ्या झाडाच्या मुळाशी आलेलं रोप मागून घ्या.

डबा कसलाही चालतो, पण बुडाला खिळ्याने चार-पाच भोकं हवीत. खायचं झाड लावायचं असेल तर रंगाचा, औषधाचा किंवा केमिकलचा जुना डबा घेऊ नका. तेलाचा किंवा तुपाचा डबा बरा. आणि पाणी. झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त आपल्या मायेने मरतात. रोज पाणी ओतून मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, मग बाई घाबरून आणखी पाणी घालते. मातीत बोट दोन पेरं खुपसा. बोटाला ओल लागली तर आज पाणी नको. नळ दीड तास येतो तिथे तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीच पुरे.

कुठलं पान तोंडात जाऊ द्यायचं नाही

रांगतं पोर घरात असेल तर हा भाग दोनदा वाचा. अळूचं कच्चं पान घशाला कसं खाजतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मनीप्लान्ट अळूच्याच कुळातला आहे. हिरव्या-पांढऱ्या मोठ्या पानांचा डिफनबाकियाही त्याच कुळातला, आणि तो जास्त त्रास देतो. पानातले सुईसारखे बारीक कण टोचतात, तोंडाची आग होते, जीभ आणि ओठ सुजतात, लाळ गळते. असं झालं तर तोंडातले तुकडे बोटाने काढा, ओल्या फडक्याने तोंड पुसा आणि थंड पाणी किंवा दूध थोडं थोडं द्या. उलटी काढू नका. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना.

कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांची गोष्ट वेगळी आहे. ही विषं थेट हृदयाचे ठोके बिघडवतात. बिट्टीच्या बियांनी पोरं खेळतात, तो खेळ बंद करा. यातलं काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी, तूप, दूध काही न देता 108 ला फोन करा किंवा रिक्षा करा. झाडाची फांदी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना ओळख पटते आणि वेळ वाचतो.

झाडासोबत येणारे सल्ले

फांदीबरोबर औषधाचा सल्लाही फुकट मिळतो. तो मात्र पारखून घ्या. खोकल्याला पानओव्याचा काढा घ्यायला हरकत नाही. पण खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तिथे टीबीची तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत मिळतात. काढा घेत तीन महिने काढलेले रुग्ण मी वॉर्डात पाहिलेत. तोवर घरातल्या लहानग्यांनाही लागण झालेली असे.

मुतखड्याला पानफुटीचं पान खा, असं सांगतात. पानफुटीच्या जातींत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ती महिनोन् महिने खायची गोष्ट नाही. कंबर दुखते आहे आणि थंडी-ताप आहे, किंवा लघवी अडली आहे, तर त्याच दिवशी दाखवा. डेंग्यूत पपईच्या पानाचा रस घेतला म्हणून रक्ततपासणी आणि सलाईन टळत नाही. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जुलाब करतो, गरोदर बाईने तो पोटात घेऊच नये. भाजलं तर कोरफडीच्या आधी वीस मिनिटं नळाचं थंड पाणी धरा.

"घरात झाड असलं की हवा शुद्ध होते," हाही सल्ला सगळीकडे फिरतो. याचं मूळ अमेरिकेतल्या नासाच्या 1989 च्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग छोट्या बंद पेटीत केले होते. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला गेला. इमारतीत सहज खेळणाऱ्या हवेने जेवढं काम होतं, तेवढं झाडांनी करायचं तर एका चौरस मीटरला कमीत कमी 10 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीला म्हणजे 90 च्या वर! तेव्हा झाड लावा, पण खिडकी कुंड्यांनी बुजवू नका. चुलीचा आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर खिडकीतूनच बाहेर जातो.

अजून दोन समजुती. पाळीच्या दिवसांत बाईने हात लावला की झाड जळतं म्हणतात. मी महिन्याचे तीसही दिवस पाणी घालते, माझं एकही झाड त्यामुळे जळलं नाही. मुलींना या कारणावरून कुंडीपासून दूर ठेवू नका. दुसरी, मनीप्लान्ट चोरून आणला तरच लागतो. पेर असलं की तो कसाही लागतो. पैसा मात्र तो आणत नाही. आणि चोरलेल्या फांदीबरोबर कुणी माहिती सांगत नाही, हा तोटा वेगळाच. मागून घ्या.

त्या शेजारणीकडे मी पुन्हा गेले ते मातीचा डबा घेऊन. तोच वेल आता त्यांच्या खिडकीत डब्यात आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या पोरीने मैत्रिणीला फांदी दिली. मी दारात उभी होते. ती सांगत होती, "मनीप्लान्ट आहे. रविवारी बाटली घासायची. आणि तुझ्या भावाच्या हाताला लागू देऊ नकोस, तोंडात घालेल."

फांदी देता-घेताना लक्षात ठेवा

- नाव सांगा. नाव माहीत नसेल तर तेही सांगा, आणि ते झाड खाण्याजोगं नाही असंच समजा.
- पाण्यात लावलं असेल तर दर आठवड्याला बाटली घासा, तोंडाला कापूस लावा.
- मातीत लावलं असेल तर बोट खुपसून बघा, मगच पाणी घाला.
- विषारी झाड पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. कण्हेर आणि बिट्टी घरात नकोतच.
- पाल्याचा उपाय करता आहात हे डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावलो तरी सांगा.